एक पाय जमिनीवर

फोन वाजत होता आणि कुमुदबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अडकल्या होत्या. पदर दाराला अडकला होता असं नव्हे. पायच उचलेनात. कुणी तळपायांना डिंक लावावा तसे दोन्ही पाय फरशीला चिकटलेले आणि वरचं धड मात्र पुढं निघालेलं. कंपवातानं अलीकडे त्यांना हे नवं दुखणं दिलं होतं. मोकळ्या अंगणात त्या बऱ्यापैकी चालत. पण उंबरा आला, दार अरुंद झालं, नुसता फरशीचा रंग बदलला, तरी पाय संपावर जात.

"अरे, चल की बाबा," असं त्या स्वतःच्या उजव्या पायाला म्हणाल्या. पायानं ऐकलं नाही. शेवटी ओट्यावरचं लाटणं घेऊन त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि तिथंच उभं राहून कानाला लावला.

पलीकडून देवव्रत सामंत नावाचे गृहस्थ बोलत होते. पुण्यात भरणाऱ्या हिंदी महासागर क्रीडास्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्याचे ते दिग्दर्शक. बोलणं असं मऊ, की चहाचं निमंत्रण देताहेत असं वाटावं. "बाई, उद्घाटनाला सगळ्या पंचांच्या वतीनं एका पंचानं शपथ घ्यायची असते. समितीनं एकमतानं तुमचं नाव काढलंय. याल ना?"

कुमुदबाईंनी खाली पायांकडं पाहिलं. "येते की," त्या म्हणाल्या. "चालत येते."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. पण नाही म्हणणं त्यांना जमलंच नसतं. उद्घाटन सोहळ्यांना नावं ठेवणारी माणसं पुष्कळ असतात. भाषणं लांबतात, धुराचे लोट सोडतात, पैशाचा चुराडा होतो, हे सगळं खरं आहे. पण ज्या देशाचे दोनच खेळाडू आलेत, तो देशही त्याच मैदानातून, तेवढ्याच मोठ्या झेंड्यामागून चालतो आणि नेमक्या त्या दोघांसाठी माणसं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतात. असं दुसरीकडं कुठं होतं सांगा. कुमुदबाई हे पाहताना दरवेळी रडत आणि दरवेळी डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणत.

कुमुदिनी जगदाळे साताऱ्यात मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या आणि नोकरी सांभाळून त्यांनी देशोदेशी चालण्याच्या शर्यतींत पंच म्हणून काम केलं होतं. हा खेळ बघायला फारसं कुणी येत नाही. कंबर हलवत भराभर जाणारी माणसं पाहून पोरं हसतात. पण नियम मोठा कडक. एक पाय सतत जमिनीला लागलेला हवा. दोन्ही पाय हवेत गेले की ते पळणं झालं. आणि ते पंचाला उघड्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. संशय आला तर पंच पिवळी पाटी दाखवून ताकीद देतो, खात्री झाली तर लाल कार्ड लिहितो. कुमुदबाईंच्या डोळ्यांचा चालणाऱ्यांना धाक असे. रस्त्याकडेला टोपी घालून त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी लांबूनच पाय जमिनीवर येत.

मग बुटात घालायचा तो सोल आला. पुठ्ठ्याएवढा पातळ, आत दाब मोजणारे बारीक ठिपके. पाय जमिनीवरून सुटला की यंत्रात नोंद. पंच उरले ते शोभेला. आणि तो सोल बनवणाऱ्या चमूत पहिलं नाव होतं केतकी जगदाळे. "आमच्या लेकीनंच माझ्या हातातली पाटी काढून घेतली," असं कुमुदबाई चारचौघांत हसत सांगत. हसत सांगत, पण सांगत. मायलेकींचं बोलणं तेव्हापासून गोळ्या घेतल्या का आणि पाऊस आहे का, एवढ्यावर आलं होतं.

शपथेची बातमी कळली तशी केतकी त्याच आठवड्यात साताऱ्याला आली. सोबत एक डबा होता.

"तो सोल असेल तर परत घेऊन जा," कुमुदबाई म्हणाल्या.

"सोलच आहे. पण हा मोजत नाही, हा चालवतो. आधी ऐकून तर घे." केतकी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "आपल्याला वाटतं, आपण चालतो. खरं तर मेंदूच्या तळाशी काही गाठी आहेत, त्या परस्पर चालवतात. हा पाय टाक, आता तो टाक. वरच्या मेंदूला पत्ताही नसतो. त्या गाठींना कामाला डोपामिन लागतं आणि ते बनवणाऱ्या पेशी तुझ्या मेंदूत कमी झाल्यात. म्हणून पायाला हुकूम निघतो, पण वाटेत अडतो."

"मग हा काय नव्या पेशी देणार?"

"नाही. आडवाटेनं नेणार. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू वेगळा रस्ता वापरतो. वरातीत बँड वाजायला लागला की तुझे पाय कसे सुटतात, आठवतं ना? तेच. हा सोल तुझ्या आधीच्या पावलांवरून तुझी चाल ओळखतो आणि पुढचं पाऊल उचलायची वेळ आली की तळव्याला हलकी थाप देतो."

कुमुदबाईंनी बूट घातले ते यंत्र खोटं पाडायच्या इराद्यानं. उंबऱ्यापाशी पाय नेहमीप्रमाणे थबकू लागले. तेवढ्यात तळव्याखाली कुणी बोटानं टकटक केल्यासारखं झालं. उजवा पाय उचलला. मग डावा. उंबरा मागं पडला. त्या वळल्या आणि पुन्हा आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी त्यांची ये-जा चालूच होती आणि केतकीनंही गॅस बंद केला नाही, कारण ती तोंडाला ओढणी लावून रडत बसली होती.

"हुशार आहेस," शेवटी कुमुदबाई म्हणाल्या. एवढं त्यांनी लेकीला बऱ्याच वर्षांत म्हटलं नव्हतं.

खरी पंचाईत पुण्याला तालमीत झाली. केतकीच्या चमूचे हे थाप देणारे सोल त्या सोहळ्यात सगळ्यांच्याच बुटांत असणार होते आणि त्यांची यंत्रणा केतकी सांभाळणार होती. खेळाडू संचलनात रेंगाळतात, हात हलवतात, फोटो काढतात, आणि कार्यक्रम लांबत जातो. म्हणून सामंतांनी सोल एकमेकांना जोडून घेतले होते. एकाच तुळईला टांगलेली लंबकाची घड्याळं हळूहळू एका ठेक्यात येतात, कारण एकाचा हेलकावा तुळईतून दुसऱ्याला पोचत असतो. तसंच हे, फक्त तुळई दिसत नव्हती. सगळे देश आत आले की हजारो खेळाडू मैदानाच्या कडेकडून मध्याकडं सरकणार, शपथ घेणारे तिघे, म्हणजे खेळाडूंच्या वतीनं एक धावपटू मुलगी, एक प्रशिक्षक आणि कुमुदबाई, बोगद्यातून मंचाकडं येणार, आणि वाद्यवृंद नि दिवेसुद्धा त्या पावलांच्याच ठेक्यावर चालणार. तालमीत हे पाहून कुमुदबाई स्वतःचं दुखणं विसरल्या. माणसांचं एवढं मोठं फूल मिटताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पण तो ठेका विशीतल्या पोरांचा. कुमुदबाईंच्या पायांना तो झेपेना. पावलं आखूड होत गेली, घाई वाढत गेली, आणि केतकीनं धरलं नसतं तर त्या तोंडावर पडल्या असत्या.

सामंत धावत आले. "बाई, काळजीच करू नका. आम्ही तुम्हाला अंधारात आधीच मंचावर उभं करतो. दिवे लागले की तुम्ही तिथं."

"म्हणजे लोकांना वाटेल मी चालत आले?"

"लोकांना काही वाटत नाही हो. लोक टाळ्या वाजवतात."

"चालण्याची पंच मी," कुमुदबाई म्हणाल्या, "आणि मी न चालता पोचायचं?" सामंतांनी हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कार्यक्रम वेळेत संपवायचा होता.

मैदानाबाहेर बाकावर बसल्यावर केतकी हळूच म्हणाली, "एक रस्ता आहे. त्या भागापुरता तुझा सोल मुख्य करते. तुझ्या चालीवर सगळे चालतील. ठेका जरा संथ होईल, बाकी कुणाला कळणारही नाही. सामंतांनाही नाही."

"आणि त्यांची घाई मला बाधणार नाही?"

"परतीचा रस्ता बंद ठेवीन. तुझं त्यांच्याकडं जाईल, त्यांचं तुझ्याकडं येणार नाही. नाहीतर तू पुन्हा पडशील."

कुमुदबाई म्हणाल्या, "हजारो माणसांना न विचारता माझ्या पायांनी चालवायचं. आणि मग मंचावर जाऊन मी निःपक्षपातीपणाची शपथ घ्यायची. केतकी, दोन्ही पाय हवेत आहेत तुझे."

केतकीचा चेहरा पडला. "तुला माझं काहीच कधी पटलं नाही," ती म्हणाली. "मी तो पहिला सोल तुझी पाटी काढून घ्यायला बनवला असं तू सगळ्यांना सांगतेस. अगं, लहानपणी मी तुझ्याशेजारी रस्त्याकडेला उभी राहायचे. तू म्हणायचीस, बघ, सुटला पाय. मी डोळे फाडून बघायचे. मला कधीच दिसायचं नाही. शाळेतून आल्यावर आरशासमोर चालून बघायचे. तुला दिसतं ते मला दिसावं म्हणून बनवलं ते यंत्र."

कुमुदबाईंना हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं चारचौघांत केलेली ती थट्टा आता त्यांनाच टोचली. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला. तो हात त्यांच्या हातात थरथरत राहिला आणि कुणाच्या थरथरण्यानं, ते कळायला मार्ग नव्हता.

"न विचारता नको," त्या म्हणाल्या. "विचारून बघू."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळ्या देशांच्या संघप्रमुखांची बैठक होती. कुमुदबाई तिथं गेल्या, जुनी पिवळी पाटी घेऊन. ती पाटी त्यांनी सर्वांसमोर स्वतःच्याच छातीवर धरली. कानातल्या भाषांतर यंत्रांतून त्यांचं बोलणं प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू जात होतं.

"ही ताकीद मला आहे. मला कंपवात आहे. तुमच्या ठेक्यावर मला चालता येत नाही. माझी लेक म्हणते, तुम्हा सगळ्यांना माझ्या ठेक्यावर चालवता येईल. पण ते तुमचे पाय आहेत. ज्यांना नको असेल त्यांनी सांगा. एकानं जरी नको म्हटलं तरी मी चाकाच्या खुर्चीवरून येईन आणि माझी काही तक्रार नसेल."

सामंत मागं उभे राहून घाम पुसत होते. खोलीत कुजबुज झाली. मग मॉरिशसच्या रांगेतून एक उंच, सडपातळ बाई उठली. तिनं भाषांतर यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चक्क मराठीत बोलू लागली.

"मी मीनावती सखाराम. सखाराम आमचे खापरपणजोबा; बोटीवर चढताना त्यांचं नाव लिवलं, तेच आमचं आडनाव झालं. मी आधी चालायची शर्यत करत होते. या बाईंनी मला कोलंबोत लाल कार्ड दिलं. माजे पाय जमिनीवर होते! तेव्हा होते, आजपण सांगते, होते!"

कुमुदबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "नव्हते," त्या म्हणाल्या.

"होते. पण बाईंनी आधी पाटी माज्या तोंडासमोर धरली. मागून काय केलं नाय. आज पण समोर धरली." मीनावतीनं सगळ्यांकडं वळून पाहिलं. "माजी पोरं यांच्या पायानं चालतील."

ती खाली बसली. ओमानचे प्रमुख उठले, मग केनियाचे, मग ज्यांचे दोनच खेळाडू आले होते ते कोमोरोसचे. नको म्हणायला कुणीही उठलं नाही.

सोहळ्याच्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. देश एकामागून एक आत आले. रंगीत लुंग्या, पांढरे झगे, फुलांच्या टोप्या, आणि त्या सगळ्यांच्या वर हलणारे झेंडे. कोमोरोसचे दोघं आले तेव्हा मैदान दणाणलं. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कुमुदबाईंनी डोळे पुसले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

मग वाद्यं मंद झाली. ठेका बदलला. आता तो त्यांचा होता. बोगद्यातून त्यांनी पावलं टाकायला सुरुवात केली आणि समोर मैदानभर हजारो पावलं त्यांच्याबरोबर पडू लागली. घाई नाही, ओढाताण नाही. बासऱ्या त्यांच्या चालीवर वाजत होत्या, दिवे त्यांच्या चालीवर उजळत होते. म्हातारपणानं आपल्याला हळू केलं असं त्यांना आजवर वाटे. आज पहिल्यांदाच ती संथ चाल त्यांना देखणी दिसली.

बोगदा संपतो तिथं पाणी वाहून जायला लोखंडी जाळीची पट्टी होती. तालमीत तिच्यावर गालिचा होता. आज तो काढला होता, कारण सामंतांना खाली चकचकीत मैदान दिसायला हवं होतं. कुमुदबाईंची नजर त्या काळ्या पट्टीवर गेली आणि पाय एकदम थांबले.

तळव्यावर थाप येईना. थाप यायला आधीचं पाऊल लागतं, आणि पाऊलच पडलं नव्हतं. आणि त्यांचा ठेका थांबला तसं सगळंच थांबलं. हजारो खेळाडू पाऊल उचलता उचलता उभे राहिले. बासऱ्यांचा एक सूर लांबत लांबत विरून गेला. दिवे होते तिथंच स्थिर झाले. पुढं गेलेले दोघे शपथकरी वळून पाहू लागले. भरलेल्या मैदानात इतकी शांतता पसरली की झेंड्यांचं फडफडणं ऐकू येऊ लागलं. मुख्य घड्याळ बंद पडलं तर काय, हे केतकीच्या डोक्यात आलंच नव्हतं.

धावपटू मुलगी हात द्यायला मागं आली. कुमुदबाईंनी मान हलवली. चालणाऱ्याला कुणी हात लावायचा नसतो.

कानात बसवलेल्या बारीक यंत्रातून केतकीचा आवाज आला. घाबरलेला. "आई, सामंत म्हणताहेत जुना ठेका लाव. लावला तर सगळे चालू लागतील."

"आणि मी?"

"तू... तिथंच राहशील."

कुमुदबाईंनी मैदानाकडं पाहिलं. लांबून आलेली, एका पायावर ताटकळलेली पोरं. त्यांना भयंकर वाईट वाटलं. साऱ्या जगासमोर त्या एका गटाराच्या जाळीपुढं हरल्या होत्या. "लाव," त्या म्हणाल्या. "पोरांना खोळंबून ठेवू नको. लाव, केतकी."

उत्तर आलं नाही. त्याऐवजी लांबून एक आवाज आला. धप. मग पुन्हा, धप. मॉरिशसच्या झेंड्याशेजारी मीनावती सखाराम जागच्या जागी पाऊल मारत होती, मघाच्याच संथ ठेक्यात. तिची पोरं तसंच करू लागली. मग शेजारचे श्रीलंकेचे, मग ओमानचे. कुणी पुढं सरकत नव्हतं. सगळे जागच्या जागी कुमुदबाईंचाच ठेका धरून उभे होते. वर बसलेल्या प्रेक्षकांनाही काय चाललंय ते कळलं आणि तेही पाय आपटू लागले. आवाज कानांत भरला, छातीत भरला. तळव्यांत मात्र येईना.

"केतकी," त्या ओरडल्या, "परतीचा रस्ता उघड!"

तळव्याखाली टकटक झालं. एका बोटाची नव्हे. इतक्या जणांची मिळून, पण हळुवार. त्यांची स्वतःची चाल त्यांना सगळ्यांनी परत आणून दिली होती. उजवा पाय उचलला आणि जाळीपलीकडं टेकला. मग डावा.

बासऱ्या सुरू झाल्या. दिवे हलले. ते माणसांचं फूल मंचाभोवती मिटू लागलं आणि कुमुदबाई जगदाळे त्याच्या मधोमध चालत गेल्या.

मंचावर त्यांनी रीतीप्रमाणे डाव्या हातात ध्वजाचं टोक धरलं आणि उजवा हात वर केला. ध्वज थरथरू लागला. त्यांनी ते थरथरणं लपवलं नाही. "सर्व पंचांच्या वतीनं मी शपथ घेते," त्या म्हणाल्या, "की आम्हाला जे दिसेल तेच आम्ही सांगू, आणि कुणाचंही तोंड पाहून सांगणार नाही." मॉरिशसच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं शिट्टी मारली.

परत बोगद्यात आल्यावर त्यांना बसायला खुर्ची दिली. केतकी धावत आली आणि त्यांच्या पायांशी बसून बुटांचे बंद सोडू लागली.

"जाळीपाशी पहिलं पाऊल टाकलं ना," कुमुदबाईंनी विचारलं, "तेव्हा एक पाय जमिनीवर होता का गं? मला अंगाला हिसका बसल्यासारखं झालं. यंत्रात काय आलंय बघ."

"यंत्रात बघितलंच नाही मी."

"मग काय करत होतीस?"

"तुझ्याकडं बघत होते." केतकीनं मान वर केली. "होता, आई. डावा. जमिनीवर होता. मला दिसला."